गोंदण म्हणजे डाग नव्हे

फोटोला हार चढवून झाला होता. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली वनिताचं नाव; शेजारी तिच्याबरोबर कामाला असलेल्या दोघी आधीच लावल्या होत्या. दोन्ही बाजूंना हात जोडलेले पुढारी बसवायचे तेवढे बाकी होते. वनिताचा भाऊ विष्णू काउंटरपलीकडे उभा होता. शोकसभा संध्याकाळी होती. चार फुटी बॅनरवर लहान फोटो फाटतो, म्हणून मी कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडून मोठा केला. तेव्हा तिच्या हनुवटीवरचे पाच ठिपके मला दिसले.

गोंदणाचे हिरवे ठिपके. चार एका ओळीत आणि पाचवा खाली घसरलेला.

मी विष्णूला विचारलं, "इस्पितळांना तू कुठला फोटो पाठवलास?"

"तुमी दिला तोच. गेटपासचा."

"दाखव."

त्याने मोबाईल पुढे केला. चेहरा वनिताचाच. पण गोरा, गुळगुळीत, आणि हनुवटी घासलेल्या ताटासारखी कोरी.

"हिचं गोंदण कुठाय?"

"हाय ना," तो म्हणाला. मग मोबाईल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. "होतं ना," म्हणाला.

तिला बेपत्ता होऊन सहा दिवस झाले होते. सहा दिवस पोलीस, कंपनीची माणसं, तिचा भाऊ आणि निम्मं बोईसर ज्या बाईला शोधत होतं ती बाई जगात नव्हती. ती माझ्या दुकानात तयार झाली होती.

हे कसं झालं ते कळायचं तर आमचं काम कळायला हवं. या अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला की एवढी वर्षं फोटोच्या धंद्यात काढलीत, गमती लिहा. गमती आहेत. त्याही सांगते. पण आधी हे सांगितल्याशिवाय त्या सांगणं मला जमणार नाही.

मी पालघरजवळच्या माहीमची. वडिलांची पानवेलीची वाडी होती. चौथीपर्यंत शिकले, पुढे कोणी पाठवलं नाही आणि मीही रडले नाही. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा कंपन्यांच्या चिमण्या नुकत्या उभ्या राहत होत्या आणि आमच्या ह्यांचा एका खोलीचा स्टुडिओ होता. कंपन्या आल्या की गेटपास आले, गेटपास आले की फोटो आले. हे फोटो काढायचे आणि मी आत बसून निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची.

पेन्सिलीचं काम आता कोणाला ठाऊक नाही. उतरत्या टेबलावर काच, काचेखाली आरसा, आरशातून उजेड वर येतो. काचेवर निगेटिव्ह ठेवायची. निगेटिव्हवर काळं असतं ते कागदावर पांढरं उमटतं. त्यामुळे चेहऱ्यावरचा खड्डा निगेटिव्हवर पेन्सिलीने भरला की कागदावर तो खड्डा नाहीसा. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि रेघ न ओढता नुसते टिंब द्यायचे. एका चेहऱ्याला अर्धा तास. श्वास रोखून.

त्या काळी देवीचे वण असलेली माणसं पुष्कळ होती. ह्यांनी मला पहिल्या दिवशी जे शिकवलं ते पेन्सिल धरायला नाही, विचारायला. गिऱ्हाईक उठायच्या आत विचारायचं, वण ठेवू की काढू? निम्मे लोक म्हणायचे काढा. निम्मे म्हणायचे राहू द्या, नाहीतर घरचे ओळखायचे नाहीत. एक कोळीण मला म्हणाली होती, "बाय, हे वन माज्या नवऱ्यानं पाहून मला पसंत केलंन, तू कोन काढनारी?" मी पेन्सिल खाली ठेवली. नाकावरचा तीळ, भुवईवरची खोक, गोंदण, सगळ्याला हाच नियम. विचारल्याशिवाय माणसाच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही.

हे गेले आणि पाठोपाठ कॉम्प्युटर आला. लोक म्हणाले, म्हातारीला जमायचं नाही. पेन्सिलीने टिंब देणाऱ्या बाईला माऊसने टिंब द्यायला काय अडचण? उलट इथे चुकलं तर मागे येता येतं. निगेटिव्हवर चुकलं की चुकलं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. कात्रीचं चित्र म्हणजे कापणं, बादलीचं म्हणजे रंग ओतणं, शिक्क्याचं म्हणजे इकडची कातडी तिकडे लावणं. सून शीतल बारावी झालेली. अक्षरं तिची, नजर माझी, असं आमचं दुकान चाललं.

आता गमती. एका बाईने लग्नाचा अल्बम आणला आणि म्हणाली, "यातला जावई काढून टाका. पण आहेराचं ताट राहू दे, ताट आमचं आहे." ताट त्याच्या हातात होतं. मी त्याला काढला, ताटाखाली दुसऱ्या पानावरच्या एका मामाचे हात बसवले. वर्षाने तीच बाई परत. जावई नांदवायला लागला होता. "त्याला परत घाला." मूळ फोटो मी कधी पुसत नाही, म्हणून घालता आला. निगेटिव्ह जपायची सवय. आमच्याकडे सालवार डबे असायचे, आता सालवार फोल्डर आहेत.

उमरोळीचा एक मास्तर वडिलांचा फोटो करून घ्यायला आला. वडिलांचा फोटोच नव्हता. कधी काढलाच नव्हता. मास्तर म्हणाला, "कपाळ काकाचं घ्या, कान माझे घ्या, नाक आत्याचं." तीन दिवस बसून मी एक माणूस तयार केला. मास्तर बघून रडला, म्हणाला, अगदी बाबा. त्याची आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हा कोन हाय?" मास्तर म्हणाला, आई, तुला दिसत नाही नीट. ती म्हणाली, "मला दिसतं नीट. बरा दिसतो मानूस. पन कोन हाय?"

ती गोष्ट मी कितीतरी वर्षं हसत सांगत असे. आता सांगत नाही.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं एक पान असतं. तिथे वापरणाऱ्यांनी सूचना लिहायच्या, हे असं करा, ते तसं करा. जगभरचे लोक लिहितात. दुसऱ्याला पटली तर तो मत देतो. जास्त मतं पडली की सूचना वर जाते आणि कंपनी तिच्याकडे बघते. म्हणजे निवडणूकच. शीतलने मला ते दाखवलं तेव्हा मी म्हटलं, आपणही लिहू. मी वहीत मराठीत लिहायची, ती मोबाईलवर इंग्रजी करून टाकायची.

पहिली सूचना विजेची. तुमच्याकडे वीज जात नसेल, आमच्याकडे दर शुक्रवारी जाते, त्याखेरीज मनाला येईल तेव्हा जाते. काम आपोआप जपून ठेवायची सोय दर मिनिटाला करा. दुसरी जोडाक्षरांची. आम्ही नीट लिहिलेलं मोठ्या बॅनरवर फुटतं आणि अर्ध्या श्रद्धांजल्या लंगड्या लागतात. तिसरी गोरेपणाची. चेहरा उजळ करायची तुमची पट्टी मुळातच अर्ध्यावर का उभी असते? शून्यावर ठेवा. ज्याला हवं तो ओढील.

प्रत्येक सूचनेला आमची दोन मतं होती, एक माझं, एक सुनेचं. एकदा जोडाक्षरांच्या सूचनेला तिसरं मत पडलं. शीतल दिवसभर खूश होती, कुठल्या देशातून आलं असेल म्हणून. रात्री कळलं की तिच्या भावाने दिलं होतं. कंपनीचं उत्तर मात्र दर वेळी यायचं. आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत, विचाराधीन आहे. मी शीतलला म्हणायची, "उत्तर आलं ना? आपल्या ग्रामपंचायतीकडून तेवढंही येत नाही."

गंमत वाटायची. चौथी शिकलेली बाई परदेशातल्या कंपनीला सांगते की तुमचं काय चुकलं. जरा चढलंही असेल मला.

मग एकदा सॉफ्टवेअर नवं झालं. ते आपलंआपण नवं होतं, आपल्याला विचारत नाही. नव्यात अशी सोय आली की दहा-वीस फोटो एकदम टाकायचे, ते मागचा पडदा पांढरा करतं, चेहरा उजळतं, कातडी साफ करतं आणि गेटपासच्या मापात कापून देतं. चहा संपायच्या आत. ज्या कामाला मला दिवस लागायचा ते हे. मी ते वापरलं. का वापरू नये?

त्याच दिवसांत वनिता आली. तिला मी ओळखत होते. मनोरच्या पुढे पाड्यावर माहेर. नवऱ्याने सोडलेली, आईजवळ राहायची आणि आणखी बायकांबरोबर जीपने रोज बोईसरला पॅकिंगच्या कामाला यायची. तिचा ठेकेदार बदलला होता, म्हणून नवे गेटपास. नऊ जणी एकदम आल्या. त्यांचा सुपरवायझर दारात उभा, "जल्दी करो माताजी, गाडी खडी है" म्हणत. मी नऊ फोटो काढले, नऊ एकदम टाकले, नऊ एकदम बाहेर आले.

बायकांनी आपापले फोटो बघितले आणि हसायला लागल्या. एक म्हणाली, "आमाला भटनी केलंन मावशीनं." वनिता हसली नाही. फोटो उजेडाकडे धरून म्हणाली, "मावशी, माजं गोंदन कुठं गेलं?"

"मशीन काढतं. आपोआप."

"मशीनला कोनी सांगितलं?"

"कोणी नाही. त्याला तो डाग वाटतो."

"डाग?" तिने हनुवटीला बोट लावलं. "आजीनं गोंदवलं तवा मी अर्द्यातून पलाले. म्हनून तो एक खाली गेलाय. मेल्यावर हेच संगं येतं म्हनतात. परत लावा ना."

परत लावणं अवघड नव्हतं. मूळ फोटो होता. तो उघडायचा, पडदा पांढरा करायचा, कापायचा. दहा मिनिटं. दारात सुपरवायझर घड्याळ दाखवत होता आणि मागे आणखी गिऱ्हाईक बसलं होतं.

मी म्हणाले, "गेटपासला चालतं गं. वॉचमन काय हनुवटी बघतो?"

"ते बी खरं," ती म्हणाली आणि गेली.

त्या दिवशी दुपारी मी वही काढली आणि चौथी सूचना लिहिली. ती मला पाठ आहे. 'गोंदण म्हणजे डाग नव्हे. आमच्याकडे बायका कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदून घेतात. ती त्यांची ओळख असते. तुमचं मशीन विचारल्याशिवाय ते पुसतं. पुसण्याआधी विचारा. विचारायला जमत नसेल तर पुसू नका.' शीतलने इंग्रजी केलं. आम्ही दोघींनी मतं दिली. मला फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. परदेशातल्या कंपनीला पत्र लिहायला मला अर्धा तास मिळाला. वनिताचा फोटो दुरुस्त करायला दहा मिनिटं मिळाली नाहीत. तो तसाच तिच्या गळ्यात लटकला. पुढेही ती दोनदा दुकानावरून गेली, मी हाक मारून म्हटलं नाही की थांब, तो फोटो बदलून देते.

स्फोट भर दुपारी झाला. बोईसरला आवाजाची सवय आहे, आम्ही लगेच धावत नाही, आधी धूर कुठल्या बाजूला जातो ते बघतो. या वेळी काचा हादरल्या आणि दुकानातली फ्रेम खाली आली. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "काकी, मोठं दिसतंय." कुठली कंपनी ते मी लिहीत नाही. लिहून काही होत नाही. पॅकिंगची शेड बाजूला होती, तिची भिंत आणि पत्रे खाली आले.

शेडमध्ये काम करणाऱ्यांपैकी दोघी त्याच दिवशी सापडल्या, मेलेल्या. वनिता सापडली नाही. जखमींना मिळेल त्या गाडीतून नेलं होतं. कोणी रिक्षातून, कोणी टेम्पोतून, कोणी शेजारच्या कंपनीच्या बसमधून. कोण कुठे गेलं याची कोणाकडे यादी नव्हती. कंपनीचा माणूस म्हणत होता, ती ढिगाऱ्याखाली असेल, आग पुरती विझेपर्यंत उपसता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी विष्णू दुकानात आला. मागे त्याची आई, सोमीबाय. मोतीबिंदू झालेली, भिंतीला हात लावत आत आली. विष्णू म्हणाला, "मावशी, वनीचा फोटो पायजे. मोबाईलवर. सगल्या इस्पितलात धाडायचाय." त्यांच्याकडे तिचा दुसरा फोटो नव्हता. शीतलने गेटपासच्या फोल्डरमधून काढून दिला. मी तिथेच होते. विष्णूने खाली लिहिलं: नाव, वय, निळी साडी, वर कंपनीचा अंगरखा. गोंदण लिहिलं नाही. कोण लिहील? फोटो आहे म्हटल्यावर फोटोत दिसणारी गोष्ट कोणी लिहून कळवतं का?

सोमीबाय काउंटरला धरून उभी होती. मला म्हणाली, "बाय, फोटो चांगला हाय ना तिचा?"

मी म्हणाले, "चांगला आहे."

तो फोटो पालघरपासून ठाण्यापर्यंत आणि तिकडे गुजरातच्या हद्दीपलीकडे गेला. पोलिसांनी पाठवला, कंपनीने पाठवला, गावागावच्या ग्रुपवर फिरला. सगळीकडून एकच उत्तर. अशी कोणी नाही.

पाचव्या दिवशी ढिगारा उपसून झाला. त्यात कोणी नव्हतं. आता खरं तर सगळ्यांना शुद्ध यायला हवी होती की आत नाही म्हणजे बाहेर आहे. पण कंपनीचा माणूस म्हणाला, तेवढ्या उष्णतेत काही उरत नाही. आणि पुढाऱ्यांना शोकसभेची घाई झाली. त्यांचा माणूस बॅनरचं सांगायला आला तेव्हा विष्णूला बरोबर घेऊन आला. सोमीबाय आली नव्हती. विष्णू म्हणाला, "आय म्हनते, मेलेली कोनी पायली? दाखवा मग रडते." त्या सगळ्या माणसांत शुद्धीवर ती एकटी होती.

पुढाऱ्याचा माणूस सांगून गेला. सायबांचा फोटो वरती, बाकीचे दोन्ही बाजूंना, बायांचे मध्ये. विष्णू बॅनर न्यायला थांबला. मग मी मूळ फोटो उघडला, ते वर लिहिलंच आहे.

विष्णूच्या मोबाईलवरचा तो कोरा चेहरा बघून मी शीतलला हाक मारली. म्हणाले, "मूळ फोटो पाठव. आहे तसा. काही करू नकोस त्याला. खाली लिही, हनुवटीवर पाच हिरवे ठिपके, एक खाली घसरलेला." ज्या ज्या नंबरांवर पहिला गेला होता त्या सगळ्यांवर विष्णूने तो पाठवला. शेवटचे शीतलने पाठवले.

तेवढ्यात पुढाऱ्याच्या माणसाचा फोन. "काकू, बॅनर झाला?"

"थांबा जरा. बाई जिवंत असायची शक्यता आहे."

तो मग म्हणाला, "बरं. मग तिला काढा, त्या दोघींना ठेवा. जागा उरेल तिथे सायबांचा फोटो मोठा करा."

मी फोन ठेवला. बॅनर छापला नाही. त्यांनी पालघरहून छापून आणला असं नंतर कळलं. त्यात वनिताही होती.

हद्दीपलीकडच्या एका मोठ्या इस्पितळातून फोन आला तेव्हा आम्ही जेवलो नव्हतो. तिथली नर्स हिंदीत बोलत होती. "ऐसी एक है हमारे पास. गले में कोई पास नहीं था, नाम नहीं मालूम. ठोड़ी पर हरे निशान हैं, पाँच." विष्णूने फोन माझ्या हातात दिला. मी विचारलं, "जिंदा है?" ती म्हणाली, "हाँ माताजी, जिंदा है. लेकिन आप लोग इतने दिन कहाँ थे?"

मी इस्पितळाचा पत्ता लिहून घेतला.

शेजारच्या झेरॉक्सवाल्याने गाडी काढली. आधी मनोरच्या पुढे जाऊन सोमीबायला घेतलं. तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, की हात जोडले नाहीत. पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "चला मग." गाडीत सगळा वेळ माझ्या शेजारी बसली होती. एकदाच बोलली. "फोटो चांगला होता म्हनालीस ना?"

"होता," मी म्हणाले. "तिचा नव्हता."

तिला ते कळलं की नाही मला माहीत नाही.

वनिताचं डोकं पट्ट्यांत होतं, चेहरा सुजून दुप्पट झालेला, तोंडात नळी. मी सांगते, मूळ फोटो हातात घेऊनसुद्धा मी तिला ओळखलं नसतं. हनुवटी तेवढी उघडी होती. सोमीबायला मोतीबिंदूमुळे ठिपकेही दिसत नव्हते. तिने बोट पुढे केलं, हनुवटीवरून फिरवलं आणि खाली घसरलेल्या ठिपक्याच्या जागी आणून ठेवलं. "हीच," म्हणाली. गोंदण हाताला लागत नाही. पण तिला जागा माहीत होती.

डावा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. मी डॉक्टरला बाजूला घेऊन विचारलं, आम्ही लवकर आलो असतो तर, मुंबईला हलवलं असतं तर? तो तरुण होता, थकलेला होता. म्हणाला, "ते आता सांगता येणार नाही." खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं मला वनितानेच सांगितलं. दोन महिन्यांनी ती आईच्या घरी ओसरीवर बसली होती. मी जाऊन तिला सगळं सांगितलं, फोटो, दहा मिनिटं, सूचना, सगळं. माफी मागितली नाही, कारण ती मागून तिला उगाच काहीतरी द्यावं लागलं असतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, मला ठावं हाय. मी पायला तो फोटो."

"कधी?"

"तिसऱ्या दिवशी. शुद आली व्हती. नर्स मोबाईल घेऊन आली. एकदा मोबाईलात बघं, एकदा माज्याकडं बघं. मी बी पायलं. माजाच फोटो. मी म्हनायला गेले, मीच ती, तं तोंडात नली. डोले मिचकावले. हात उचलू लागले तं हात बांदलेला. ती दुसरीला म्हनाली, ये नहीं है, वो गोरी है, ये निशान भी नहीं. आनि गेल्या दोघी."

सोमीबाय आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला होता.

"मंग मी ठरवलं," वनिता म्हणाली, "का आता नाय बोलवायचं कोनाला. मला वाटलं, आयनं पायला आसंल फोटो आनि तीच म्हनाली आसंल, ही नाय."

मी घरी आले आणि वही काढली. घडलं ते सगळं लिहिलं, अडीच पानं. शीतल म्हणाली, "आई, एवढं मोठं ते वाचणार नाहीत." मी म्हटलं, टाक. तिने इंग्रजी करून टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. आपल्या अनुभवाबद्दल वाईट वाटलं, आपली सूचना याच विषयावरच्या एका लोकप्रिय सूचनेत मिळवण्यात आली आहे. शीतलने ती लोकप्रिय सूचना उघडली. वाचली आणि मोबाईल उलटा ठेवला. मी म्हटलं, वाच ना. ती सूचना अशी होती: अंगावरचं गोंदण फोटोतून पुसायची सोय अजून चांगली करा, कडा दिसतात. तिला हजारो मतं होती. आमची दोनही त्यात जमा झाली होती.

पुढच्या नव्या रूपात ती सोय चांगली झाली. कडा आता दिसत नाहीत.

ती एकदम फोटो करायची सोय आमच्या दुकानात मी बंद केली आहे. एकेक फोटो करते, आणि काही काढायच्या आधी विचारते. गिऱ्हाईकं कंटाळतात. पलीकडे नवं दुकान झालंय, तिथे विचारत नाहीत, तिथे जातात. वनिताला मी नवा फोटो काढून दिला, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. तोही कोणी नीट बघितला असेल असं मला वाटत नाही.

स्फोट झाला तेव्हा त्या शेडमध्ये नऊजणींपैकी तिघीच काम करत होत्या. त्यातल्या दोघी गेल्या. वनिता जगली.